दात उजळण्याआधी तोंड तपासून घ्या

पत्राचा सारांश

पत्रलेखक ३४ वर्षांचे आहेत. मूळ गाव पांढरकवड्याच्या बाजूला. शिक्षणासाठी नागपूरला आले आणि इथेच एका खासगी विमा कंपनीत लागले. कॉलेजात असताना खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाची, सवय लागली, दिवसाला चार-पाच पुड्या व्हायच्या. मुलगी झाल्यावर, गेल्या गुढीपाडव्याला, त्यांनी खर्रा सोडला. आता तलफ आली की नुसती भाजकी सुपारी तोंडात टाकतात. दातांवर काळपट डाग आहेत. शिवाय पुढच्या दातांवर लहानपणापासूनच तपकिरी आडवे पट्टे आणि खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. वरच्या एका पुढच्या दाताला काही वर्षांपूर्वी रूट कॅनल करून कॅप बसवलेली आहे.

नुकतीच बढती मिळाल्याने रोज नव्या ग्राहकांसमोर बसावं लागतं, आणि हसताना हात आपोआप तोंडावर जातो. सात आठवड्यांनी धाकट्या बहिणीचं लग्न आहे. धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये दात उजळण्यासाठी ‘एका सिटिंगमध्ये लेझर’ याचे पंधरा हजार आणि घरी दातांवर जेलचा ट्रे लावण्याचे आठ हजार सांगितले. मित्र म्हणतो लिंबू-सोडा लाव, फुकटात काम होते. पत्नी म्हणते, एवढे पैसे लग्नात लागतील. डाग चहाचे आहेत असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, खर्ऱ्याचं नाव काढलं नाही. गावी मोठ्या भावाच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नव्या दातांवरही तसेच पट्टे दिसू लागले आहेत, धाकटा पुतण्या दोन वर्षांचा आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘आजकाल तिखट सहन होत नाही, तोंड झोंबतं, म्हणून तर्री-पोहा बंद केला.’ प्रश्न असा, की लेझर करू की ट्रे, आणि लग्नाच्या फोटोंत खर्ऱ्याचा मागमूस राहणार नाही ना?

उत्तर

भाऊ,

तुमच्या पत्रात दातांच्या रंगावर दोन पानं आहेत आणि तोंड झोंबण्यावर एक ओळ. मी त्या ओळीपासून सुरुवात करते. दात उजळण्याचं काम सात आठवड्यांत झालं काय किंवा सात महिन्यांनी झालं काय, त्याने दातांचं काही बिघडत नाही. तोंड का झोंबतं याची तपासणी मात्र याच आठवड्यात व्हायला हवी.

अनेक वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाला तिखट झोंबायला लागलं, की दंतवैद्याच्या मनात पहिली शंका येते ती ओरल सबम्युकस फायब्रोसिसची. सुपारीतल्या घटकांमुळे गालाचं आतलं मऊ अस्तर हळूहळू चिवट आणि घट्ट होत जातं. सुरुवातीला फक्त जळजळ असते. मग गालाची आतली बाजू फिकी पडते, बोट फिरवलं तर उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात, आणि तोंड पूर्वीइतकं उघडेनासं होतं. हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे, पण तो असलेल्या काही जणांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो, म्हणून त्याला कर्करोगपूर्व स्थिती म्हणतात. विदर्भातल्या दंतवैद्यांना तो अनोळखी नाही. दुर्दैव इतकंच, की बरेच जण पाणीपुरी तोंडात जाईनाशी झाली की मग येतात. तुम्ही अजून जळजळीच्या टप्प्यावर आहात, असं पत्रावरून वाटतं. म्हणूनच मला घाई आहे.

आज रात्रीच आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक ठेवून तोंडात उभी घालून बघा. तीन बोटं सहज जायला हवीत. मग गाल बाजूला ओढून आतला रंग बघा, जीभ वर करून खाली बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठा. आणि तीन बोटं गेली म्हणून तपासणी टाळू नका, कारण जळजळ आधी येते आणि तोंड नंतर आखडतं. झोंबण्यामागे दुसरं कारणही निघू शकतं. लोहाची किंवा बी-१२ ची कमतरता असते, बुरशीचा संसर्ग असतो, चुन्याने भाजलेलं असतं. ते बघून आणि गरज पडली तर रक्त तपासून कळेल. पत्रावरून ते कोणालाच ठरवता येणार नाही.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी ओपीडीत जा आणि ओरल मेडिसिन विभागात दाखवा. खर्रा-सुपारीने बिघडलेली तोंडं तपासण्याचा त्या विभागाला रोजचा सराव आहे, आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा फार कमी येतो. एक सुट्टी काढावी लागेल, रांगेत बसावं लागेल. ती सुट्टी काढा.

आता सुपारीबद्दल. तुम्ही खर्रा सोडलात, आणि ज्यांनी कधी खर्रा खाल्ला आहे त्यांनाच कळेल की हे किती अवघड काम आहे. पण तंबाखू आणि चुना काढून टाकला की उरलेली सुपारी निरुपद्रवी असते, ही समजूत खरी नाही. वर सांगितलेल्या आजाराचं मुख्य कारण सुपारीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. भाजकी असो, चिकणी असो, गोड मसाल्याची असो, फरक पडत नाही. तलफ आली की बडीशेप, लवंग, वेलदोडा, भाजलेली जवस, साखर नसलेलं च्युइंगम, काहीही चालेल. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. हे पत्र वाचणाऱ्या आणि अजून ठेल्यावर उभं राहणाऱ्या इतरांसाठीही तो नंबर लिहिते आहे.

यानंतर मला तुम्हाला एक विचारायचं आहे. फोटोतून खर्ऱ्याचा मागमूस पुसायचा आहे, असं तुम्ही लिहिता. तो कोणापासून लपवायचा आहे? पत्नीला माहीत आहे, बहिणीला माहीत असणारच, आणि ज्यांच्यासोबत पुड्या घोटल्या ते मित्रही वऱ्हाडात असतील. उरले ग्राहक आणि पाहुणे. त्यांच्यासमोर तोंडावर हात न ठेवता बोलता यावं ही इच्छा मला पूर्ण समजते, आणि त्यासाठी पैसे खर्च करणं मला अजिबात उधळपट्टी वाटत नाही. पण लपवण्याची जी गरज तुम्हाला वाटते, तिच्यामुळेच तुम्ही डॉक्टरांसमोर चहाचं नाव पुढे केलंत, आणि तिथे ती तुमचं नुकसान करते. दातांच्या मागच्या बाजूचे आणि हिरड्यालगतचे काळे थर बघून डॉक्टरांना अंदाज आलाच असेल. तरीही तुम्ही स्वतः सांगितलंत, किती वर्षं खाल्ला, कुठल्या गालात ठेवत होता, कधी सोडला, आता काय चालू आहे, तर ते नेमक्या जागी नीट बघतील. दातांच्या डॉक्टरांकडे खर्रा खाणारा माणूस येणं ही नागपुरात रोजची गोष्ट आहे. तुम्हाला कोणी रागावणार नाही. सोडलात म्हणून कौतुकच होईल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही असं धरून पुढचं लिहिते. निघालं, तर दात उजळणं बाजूला ठेवायचं. आधी औषधं, तोंड उघडण्याचे व्यायाम, जे काही डॉक्टर सांगतील ते. पेरॉक्साइडचं जेल झोंबणाऱ्या, सोललेल्या अस्तराला लागलं तर त्रास वाढतो, आणि तोंड आखडलेलं असेल तर गाल दूर ठेवणारा रिट्रॅक्टर नीट बसतही नाही.

तुमच्या दातांवर बहुतेक दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींवर चढल्या आहेत, आणि तुम्ही दोन्हींचं खापर खर्ऱ्यावर फोडता आहात. हिरडीच्या कडेला, दोन दातांच्या फटीत, खालच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला जो काळपट थर असतो तो खर्ऱ्याचा. तो दातावर बाहेरून बसलेला असतो आणि स्केलिंग-पॉलिशिंगने, म्हणजे दंतवैद्याने थर खरवडून दात घासल्यावर, निघतो. पुढच्या दातांवर लहानपणापासून असलेले आडवे पट्टे आणि खडूसारखे ठिपके, तेही डाव्या-उजव्या दातांवर सारखे असतील, तर ती फ्लोरोसिसची खूण आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. हाडात दात तयार होत असताना, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात जात राहिलं तर दाताचं कवच घडतानाच बिघडतं. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. मोठ्या माणसाने तेच पाणी प्यायलं तर त्याच्या दातांवर असे पट्टे येत नाहीत. म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर जे सगळ्यात आधी दिसतं, ते पट्टे तुम्ही पहिली पुडी तोंडात टाकण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. इतकी वर्षं लोकांनी ते बघून ‘खर्रा कमी कर’ म्हटलं असेल, आणि तुम्ही मान खाली घातली असेल. त्या भागाचा तरी अपराध मनातून काढून टाका.

हा फरक व्यवहारातही मोठा आहे. पहिला थर आठ-पंधरा हजारांचा विषय नाही, स्केलिंगचा आहे. स्केलिंगने दात सैल होतात, फटी पडतात, ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात कडक झालेला थर निघाल्यावर जी फट दिसते ती आधीपासूनच असते. हिरडी खाली सरकलेली असते आणि थराने ती झाकलेली असते. स्केलिंगनंतर काही दिवस गार-गरम शिवशिवेल, हिरडीतून थोडं रक्त येईल, मग बसेल. कितीतरी लोकांना स्केलिंग झाल्यावर आरशात बघून पुढे काही करावंसं वाटतच नाही. म्हणून कुठलंही पॅकेज ठरवण्याआधी फक्त स्केलिंग करा, आठवडाभर जाऊ द्या, आणि मग उजेडात स्वतःचे दात बघा.

तेव्हा जे दिसेल ते पांढरंशुभ्र नसेल, आणि ते तसं असायचंही नाही. दाताचं वरचं कवच, इनॅमल, दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक असतं, आणि त्याच्या खालचा डेंटिन नावाचा थर मुळातच पिवळसर असतो. निरोगी दाताचा रंग या दोघांचा मिळून बनतो. सुळे बाकीच्या दातांपेक्षा पिवळे असतात ते याचमुळे, आणि वयानुसार इनॅमल झिजलं की पिवळेपणा वाढतो तोही याचमुळे. मोबाइलच्या फिल्टरमध्ये दिसणारा कागदी पांढरा रंग ज्यांच्या तोंडात असतो, त्यांच्या दातांवर बहुतेक वेळा व्हिनिअर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे, चढवलेले असतात. ‘दात सहा-सात शेड उजळतील’ असं कोणी सांगितलं, तर शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांच्या नमुन्याच्या पट्ट्या, समोर ठेवायला सांगा. आज तुमचा दात कुठल्या पट्टीशी जुळतो आणि उद्या कुठली पट्टी अपेक्षित आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि उपचाराआधीचा फोटो काढून घ्या.

उजळण्याचं मूळ काम दिवा करत नाही, जेल करतं. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्यात रूपांतर होणारं कार्बामाइड पेरॉक्साइड, इनॅमलमधून आत झिरपतं आणि रंगाच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं. क्लिनिकमध्ये वापरतात ते जेल तीव्र असतं, साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं. म्हणून आधी हिरड्यांवर संरक्षक थर लावून तो दिव्याने कडक करावा लागतो. हा थर न लावता कोणी जेल लावायला लागलं तर खुर्चीवरून उठा. ‘लेझर’ म्हणून सांगितला जाणारा दिवा अनेक ठिकाणी निळा एलईडी असतो, आणि दिव्यामुळे मिळणारा जास्तीचा, टिकणारा फायदा अभ्यासांत फारसा दिसलेला नाही. सिटिंग संपल्यावर आरशात जे लखलखतं त्यातला काही भाग दात कोरडे पडल्याचा असतो. काही दिवसांत दात ओलावा परत घेतात आणि रंग एक-दोन पायऱ्या खाली उतरतो. त्यात फसवणूक काही नाही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी खुर्चीत बसायचा विचार असेल तर तो काढून टाका, कारण त्याच रात्री दात सणकतात, आणि पुढचे दोन दिवस हळद, चहा, बीट, लाल रस्सा यांपासून लांब राहावं लागतं. लग्नघरात हळदीशिवायचं जेवण कुठून आणणार?

ट्रेची पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोन अमेरिकन दंततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आणि ती आजही सगळ्यात जास्त अभ्यासलेली आहे. डॉक्टर दातांचं माप घेऊन पातळ, मऊ ट्रे बनवतात. त्यात बहुतेक १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री झोपताना लावायचं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे साडेतीन टक्केच तयार होतं, म्हणून काम सावकाश होतं आणि दात कमी शिवशिवतात. साध्या पिवळेपणाला दोन आठवडे पुरतात. फ्लोरोसिसच्या तपकिरी पट्ट्यांना जास्त लागतात, आणि रोज थोडं थोडं बदलत असल्याने कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहतं. तुमच्या दोन पर्यायांपैकी एकच निवडायचा तर मी ट्रे निवडेन. स्वस्त आहे म्हणून नाही. सुपारी चावून चावून तुमच्या दाढा झिजलेल्या असण्याची शक्यता आहे, आणि झिजलेल्या, बारीक तडे गेलेल्या दातांवर तीव्र जेल एकदम लावलं की सणक फार जोराची येते. डॉक्टरांना आधी दाढांची झीज बघायला सांगा. पोटॅशियम नायट्रेट असलेली संवेदनशील दातांची टूथपेस्ट दोन आठवडे आधीपासून सुरू करा. सणक आली तर एक रात्र सोडून एक रात्र लावा. दोन रात्रींचं जेल एकाच रात्रीत भरल्याने काम लवकर होत नाही, हिरडी भाजते.

पण पेरॉक्साइडकडून सगळ्या गोष्टींची अपेक्षा करू नका, हे तुम्हाला दोन्ही दरांबरोबर सांगायला हवं होतं. खडूसारखे पांढरे ठिपके त्याने जात नाहीत. उलट आजूबाजूचा दात उजळताना सुरुवातीला ते जास्त उठून दिसू शकतात. वरवरच्या तपकिरी पट्ट्यांसाठी मायक्रोॲब्रेजन नावाचा उपचार आहे. सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक अपघर्षक यांची पेस्ट लावून डॉक्टर दाताचा अगदी वरचा पापुद्रा घासून काढतात. तो एकदाच जातो आणि परत येत नाही, म्हणून हे काम अनुभवी हातांनीच व्हावं. पांढऱ्या ठिपक्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन आहे, त्यात सच्छिद्र झालेल्या इनॅमलमध्ये पातळ राळ झिरपवतात. पट्टे खोल असतील तर कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) किंवा व्हिनिअर, पण ३४ व्या वर्षी चांगला दात घासून त्यावर व्हिनिअर चढवण्याआधी दोन डॉक्टरांची मतं घ्या. तुमच्यासारख्या दातांना बहुधा आधी ट्रे, मग मायक्रोॲब्रेजन किंवा इन्फिल्ट्रेशन, असा मिश्र उपचार लागेल. त्यासाठी कन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्रीमध्ये, म्हणजे दात वाचवून दुरुस्त करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्या डॉक्टरांना विचारा. शासकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे.

आणि कॅप. तिचा रंग कुठल्याही जेलने बदलणार नाही. बाकीचे दात उजळले आणि ती तशीच राहिली, तर आज जी कोणाच्या लक्षात येत नाही ती फोटोत सगळ्यात आधी दिसेल. बदलायची असेल तर दात उजळल्यावर किमान दोन आठवडे थांबा. रंग स्थिर होऊ द्या, मग नवी कॅप त्या रंगाला जुळवून बनवा. कंपोझिट भरायचं असलं तरी हाच नियम आहे, कारण उजळल्यानंतर लगेच दातात राहिलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही. कॅपचा खर्च आठ हजारांत धरलेला नसणार. तो आजच विचारून घ्या, म्हणजे पत्नीसमोर पूर्ण आकडा ठेवता येईल.

सात आठवड्यांत काय बसतं? पहिल्या आठवड्यात तोंडाची तपासणी, दुसऱ्यात स्केलिंग. सगळं ठीक असेल आणि तरीही करावंसं वाटलं तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ट्रे सुरू करा आणि लग्नाच्या दहा दिवस आधी, असतील तिथे थांबा. कॅप आणि पट्ट्यांचं काम लग्नानंतर. मला विचाराल तर मी फक्त स्केलिंगवर लग्न काढेन आणि बाकीचं नव्या वर्षात निवांत करेन. पत्नीचा मुद्दाही सुटतो, आणि घाईत कॅपचा रंग वेगळा दिसण्याची वेळही येत नाही. पण रोज ग्राहकांसमोर तुम्ही बसता, मी नाही. तेव्हा हा निर्णय तुमचा.

लिंबू-सोड्याबद्दल मित्राचं मनावर घेऊ नका. लिंबाचं आम्ल इनॅमल विरघळवतं, वरून सोडा घासला की मऊ झालेला थर खरवडला जातो. चार दिवस दात चकचकीत वाटतात आणि वर्षभराने पूर्वीपेक्षा पिवळे दिसतात, कारण खालचा डेंटिन जवळ येतो. कोळशाची पावडर, राखुंडी, मिश्री यांचंही तेच, आणि मिश्रीत तर तंबाखूच आहे. ब्युटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या पेरॉक्साइडच्या किटपासूनही लांब राहा. युरोपात २०१२ पासून दात उजळण्याच्या उत्पादनांत ६ टक्क्यांपेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइडला मनाई आहे, ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते दंतवैद्यामार्फतच द्यावं लागतं, आणि १८ वर्षांखालील मुलांवर वापरता येत नाही. पाकिटावर टक्केवारीच लिहिलेली नसेल तर ते तोंडात घालू नका. नवरी बहीण यातलं काही करायचं म्हणत असेल तर तिलाही स्केलिंगचाच सल्ला द्या. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसंच न भरलेली कीड किंवा सुजलेल्या हिरड्या असणाऱ्यांनी हे उपचार पुढे ढकलावेत. उपचार सुरू असताना सुपारी, विडी, सिगारेट चालू ठेवणार असाल तर पैसे खर्चच करू नका, सहा महिन्यांत रंग परत चढतो.

एक शेवटचं, पुतण्यांविषयी. मोठ्याच्या नव्या दातांवर पट्टे आले आहेत, म्हणजे घरात पिण्याचं पाणी आजही तेच असावं. त्याच्या दातांचं पुढे बघता येईल. धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याचे पक्के दात आत्ता हाडात घडताहेत, आणि त्याला वाचवता येईल. लग्नासाठी गावी जाल तेव्हा घरात पिण्यासाठी भरतात त्याच विहिरीचं किंवा बोअरचं पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून घ्या आणि फ्लोराइड तपासायला द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. ग्रामपंचायतीकडून नमुना पाठवला तर गावालाही उपयोग. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. वहिनींना सांगा, की पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. कापडाने गाळूनही जात नाही. आरओने बरंच कमी होतं. तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत तर आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच, विकसित केली, पण तिचं माप पाण्याप्रमाणे बदलतं, घरी अंदाजाने करू नये. अहवाल हातात येईपर्यंत धाकट्याचं पिण्याचं आणि दूध-खिमट बनवायचं पाणी, शक्य असेल तर, फ्लोराइड कमी असलेल्या नळयोजनेचं किंवा आरओचं आणायला सुरुवात करा. त्यासाठी लग्नापर्यंत थांबू नका, भावाला आजच फोन करा.